फोनची सिस्टीम बदलायला आठ दिनार? देण्याआधी एवढं वाचा



गेल्या शुक्रवारी दुपारी जेवण आटोपून कॅम्पच्या जिन्यात बसलो होतो. तेवढ्यात आमचे शटरिंगवाले मामा आले. वय पन्नाशीला टेकलेलं, गाव परभणीकडचं, कुवेतमधलं चौदावं वर्ष. हातात पाच-सहा वर्षांचा जुना फोन, काचेला कोपऱ्यात तडा. म्हणाले, "साहेब, बाजारातला मोबाइलवाला म्हणतोय आठ दिनार द्या, फोनात दुसरी सिस्टीम टाकून देतो. गुगल-बिगल काही राहणार नाही, फोन नव्यासारखा पळेल. टाकू का?"

मी विचारलं, "मामा, फोनला झालंय काय?"

"झालं काही नाही. पण बँकेचं अ‍ॅप म्हणतं, फोन जुना आहे, आता चालणार नाही. पोराला पैसे पाठवायचे तर दर वेळी कुणाच्या तरी पाया पडायचं. नवा घ्यायचा तर पन्नास-साठ दिनार कुठून आणू?"

आठ दिनार म्हणजे मामांची जवळजवळ दोन दिवसांची मजुरी. मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दोन-तीन दिवस माहिती काढली, साईटवरच्या पोरांशी बोललो. मामांसारखा प्रश्न महबूला, मंगफ, फरवानिया, जलीब कुठल्याही कॅम्पमध्ये कुणालाही पडू शकतो. म्हणून त्याचं उत्तर इथं सगळ्यांसाठी लिहितो.

फोन आता नुसता फोन राहिलेला नाही

मी २०१४ साली इथं आलो तेव्हा फोन म्हणजे घरी बोलायचं साधन. बिघडला तर बिघडला. खिशात सिव्हिल आयडीचं कार्ड असलं की रस्त्यावर अडचण नव्हती.

आज तसं नाही. २०२० पासून कुवेत मोबाइल आयडी आलं, ज्याला इथं हवियती म्हणतात. आपला सिव्हिल आयडी फोनमध्ये दिसतो, पण तेवढंच त्याचं काम नाही. सरकारी किंवा बँकेच्या सेवेत लॉगिन करताना "हा मीच आहे" हे त्यातूनच सांगायचं असतं आणि कागदावर सही करावी तशी डिजिटल सहीही त्यातूनच होते. मग सप्टेंबर २०२१ मध्ये सहेल आलं. इकामा, दंड, मॅनपॉवरची कामं अशा बऱ्याच गोष्टी त्या एका अ‍ॅपमध्ये गोळा झाल्या. सुरुवातीची काही वर्षं ते फक्त अरबीत होतं, इंग्रजी नंतर आलं.

आणि १ जुलै २०२५ पासून आर्टिकल १८ च्या इकाम्यावर काम करणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसाला देशाबाहेर जायच्या आधी एक्झिट परमिट लागतं. अर्ज आपण ऑनलाइन करायचा, मंजुरी मालकाने द्यायची, तीही ऑनलाइन. म्हणजे गावाकडून रात्री फोन आला की आई अत्यवस्थ आहे, तर तिकीट काढण्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की आपला फोन चालतोय का आणि त्यातली अ‍ॅप उघडतायत का.

पासपोर्ट कंपनीने अडकवून ठेवणं कुवेतमध्ये बेकायदेशीर आहे. हे आपल्यातल्या पुष्कळांना आता माहीत झालंय. फोनकडे मात्र आपण अजून त्या नजरेने बघत नाही. खरं तर तो आपला दुसरा पासपोर्ट झाला आहे. म्हणून त्याची सिस्टीम बदलायचा प्रश्न हौसेचा नाही, हक्काचा आहे.

दुसरी सिस्टीम म्हणजे नेमकं काय

बांधकामातल्या माणसाला समजेल असं सांगतो. फोनचं यंत्र म्हणजे प्लॉट आणि पाया. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉलम, बीम, स्लॅब. अ‍ॅप म्हणजे आतलं फर्निचर. फर्निचर रोज बदलता येतं, पण स्लॅब बदलायचा म्हटलं की घर रिकामं करावं लागतं.

आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनमध्ये अँड्रॉइड आहे. अँड्रॉइडचा मूळ सांगाडा गुगल उघडा ठेवतं, तो कुणीही घेऊन आपली सिस्टीम बनवू शकतं. पण प्ले स्टोअर, मॅप आणि मागे चालणाऱ्या गुगलच्या सेवा या उघड्या नाहीत. त्यासाठी फोन बनवणाऱ्या कंपनीला गुगलशी करार करावा लागतो. तेच करार दादागिरीचे आहेत म्हणून भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. युरोपने तर त्याआधीच, २०१८ मध्ये, ४.३४ अब्ज युरोचा दंड केला होता.

त्या उघड्या सांगाड्यावर उभ्या राहिलेल्या सिस्टीम आहेत. लिनिएज ओएस त्यातली सगळ्यात जास्त जुन्या फोनांवर चालणारी. ई ओएस ही फ्रान्समधून सुरू झालेली, गुगलशिवाय चालावी म्हणून बनवलेली. ग्राफीन ओएस सुरक्षेसाठी नावाजलेली, पण ती फक्त गुगलच्याच पिक्सेल फोनवर बसते. या तिन्ही फुकट उतरवून घेता येतात. देणगी द्यायची तर द्या, सक्ती नाही.

यांचा फायदा खोटा नाही. कंपनीने फोनला अपडेट देणं बंद केलं की तो जुन्या अँड्रॉइडवर अडकून पडतो. मग एकेक अ‍ॅप हात वर करतं. व्हॉट्सअ‍ॅपनेच २०२५ च्या सुरुवातीपासून अँड्रॉइड ५ च्या आतले फोन सोडून दिले. अशा फोनमध्ये लिनिएज बसली तर त्याच यंत्रावर पुढचं अँड्रॉइड येतं आणि फोन आणखी काही वर्षं निघतात. कचऱ्यात जाणारी वस्तू वाचते, खिसाही वाचतो. मामांना दुकानदार जे सांगत होता त्यात एवढा भाग खरा होता.

मग पैसे कशाचे?

दुकानदार आठ दिनार मागतो ते सिस्टीमचे नाहीत, मजुरीचे आहेत. मजुरी मागण्यात गैर काही नाही, आपण तरी कशावर जगतो? पण गिऱ्हाईकाला "सिस्टीमची किंमत" म्हणून सांगणं ही फसवणूक आहे.

सिस्टीमसाठीच रीतसर पैसे घेणारेही आहेत. फिनलंडमध्ये नोकियातून बाहेर पडलेल्या लोकांनी २०११ मध्ये योला नावाची कंपनी काढली. त्यांची सेलफिश ओएस. २०१७ मध्ये त्यांनी सोनीच्या एक्सपीरिया एक्स फोनवर स्वतः टाकून घेण्यासाठी ती ४९.९० युरोला विकायला काढली. फोन तुमच्याकडे आहेच, त्यावरची सिस्टीम विकत घ्या. कल्पना सरळ होती. गुगल पैसे घेत नाही कारण ते आपल्या माहितीतून आणि जाहिरातीतून कमावतं, आम्ही माहिती विकत नाही म्हणून पैसे घेतो. मला स्वतःला हा व्यवहार प्रामाणिक वाटतो. पण ती सिस्टीम मोजक्याच सोनी फोनांसाठी होती आणि सुरुवातीला विक्रीही युरोपातच होती. अँड्रॉइडची अ‍ॅप चालवायची सोय पैसे भरलेल्या आवृत्तीतच. आपल्या मामांच्या फोनला त्याचा उपयोग शून्य.

म्हणजे पैसे देताना पहिला प्रश्न विचारायचा, हे पैसे कुणाला जातायत? बनवणाऱ्याला, बसवणाऱ्याला, की नुसत्या बोलबच्चन माणसाला?

दुसरा प्रश्न त्याहून मोठा. उद्या बनवणाराच गेला तर? हे भारतात घडलंय. सायनोजेन नावाची सिस्टीम हौशी लोकांनी २००९ पासून वाढवली, तिची पुढे कंपनी झाली. २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सने यू नावाने फोन काढले आणि भारतातले सायनोजेनचे हक्क आपल्याकडे घेतले. त्यावरून वनप्लसचं प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. एवढा गाजावाजा झाला आणि २०१६ च्या डिसेंबरअखेर कंपनीने सगळ्या सेवा बंद केल्या. फोन घेतलेली माणसं तशीच राहिली. नशीब एवढंच की मूळ काम उघडं होतं, म्हणून त्याच लोकांनी ते उचलून लिनिएज ओएस नावाने पुढे नेलं. यातून धडा असा की सिस्टीम उघडी असेल तर कंपनी मेली तरी काम मरत नाही. बंद असेल तर कंपनीबरोबर आपलाही फोन सरणावर.

मुंबईतली गोष्ट

"आपल्या माणसांनी अशी सिस्टीम का नाही बनवली?" असं एकाने विचारलं. बनवली होती की! आयआयटी मुंबईत शिकलेल्या राकेश देशमुख आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईतून इंडस ओएस काढली. २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनमधून ती आली. मराठीसह भारतीय भाषांत कीबोर्ड, मेन्यू, मेसेजचं भाषांतर. तिच्या अ‍ॅप बाजारातून अ‍ॅप घ्यायला ईमेलसुद्धा लागत नव्हता. विचार करा, आपल्यातल्या किती जणांचा ईमेल दुकानदाराने काढून दिलाय आणि त्याचा पासवर्ड आजही दुकानदारालाच माहीत आहे. ती अडचण ज्यांनी ओळखली त्यांना सामान्य माणूस कळला होता. २०१५ च्या अखेरीस काउंटरपॉइंट या संस्थेच्या आकड्यांत भारतात अँड्रॉइडखालोखाल इंडसचा नंबर लागला, आयफोनच्या पुढे.

मग काय झालं? स्वस्त फोनचा बाजार चिनी कंपन्यांकडे गेला, मायक्रोमॅक्स मागे पडली. इंडस सिस्टीमवरून अ‍ॅप बाजाराकडे वळली. पुढे फोनपेने ती कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इंडस अ‍ॅपस्टोअर आणलं. म्हणजे दुकान राहिलं, पण घर गेलं. जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी मद्रासमध्ये वाढलेल्या कंपनीची भारओएस आली, मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर फोन लावून दाखवला. पण आपल्या खिशातल्या फोनवर बसवायला ती बाजारात मिळत नाही.

ही गोष्ट सांगायचं कारण, गरीब माणसाच्या भाषेत, त्याच्या अडचणीप्रमाणे सिस्टीम बनवता येते. पण ती टिकवायला पैसा, वेळ आणि मागे उभं राहणारं कुणीतरी लागतं. एकट्या गिऱ्हाइकाच्या आठ दिनारांनी ते होत नाही.

आमच्या स्टील फिक्सरचं काय झालं

आता कडू भाग. मागच्या वर्षी आमच्या साईटवरच्या एका स्टील फिक्सरने असाच फोन एका दुकानात दिला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण असे दुकानदार एका गल्लीत नाहीत. त्याने सहा दिनार घेतले, दोन तासांत फोन परत दिला. फोन खरंच पळत होता. पोरगा खूश.

रात्री रूमवर आल्यावर कळलं, आत काहीच नाही. बायकोचे, मुलीचे फोटो गेले ते गेलेच. पण त्याहून मोठं नुकसान वेगळं होतं. त्या वेळी त्याचा आधीच्या एका सबकॉन्ट्रॅक्टरशी सात महिन्यांच्या ओटीवरून वाद चालू होता. फोरमनचे आवाजी मेसेज, "आज दहापर्यंत थांबा, ओटी लावतो" असे. टाइमशीटचे फोटो. सगळं त्या फोनमध्ये. कुवेतच्या २०१० च्या कामगार कायद्याप्रमाणे दिवसाचे आठ तास, आठवड्याचे अठ्ठेचाळीस, त्यावर काम केलं तर नेहमीच्या दरावर किमान पंचवीस टक्के जास्त. कायदा त्याच्या बाजूने होता, पण पुरावा गेला. शेवटी समोरच्याने देऊ केली तेवढी रक्कम घेऊन तो गप्प बसला.

तिसरी गोष्ट दुसऱ्या दिवशी. एका बँकेचं अ‍ॅप उघडायला गेला तर "हा फोन सुरक्षित नाही" म्हणून बंद. याचं कारण समजून घ्या. अ‍ॅप बनवणारा गुगलला विचारू शकतो, "हा फोन मूळ सिस्टीमवर आहे का, कुलूप उघडलेलं आहे का?" दुसरी सिस्टीम टाकायची तर फोनचं आतलं कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावं लागतं. ते उघडं दिसलं की अनेक बँकांची अ‍ॅप दार लावून घेतात. सिस्टीम चांगली आहे की वाईट, हे बघतही नाहीत. ज्या अ‍ॅपसाठी फोन बदलून घेतला, तेच चालेना.

चौथी गोष्ट आम्हाला महिनाभराने कळली. दुकानदाराने टाकलेली सिस्टीम लिनिएजच्या अधिकृत पानावरची नव्हतीच. कुणीतरी कुठल्यातरी ग्रुपवर टाकलेली फाइल होती. आत काय होतं, देव जाणे. अशा फोनवर डिजिटल सही करणं म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणं.

मग करायचं काय

मामांना जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो.

एक. आधी बघा, दुखणं सिस्टीमचं आहे का. दहातल्या निम्म्या फोनांत जागा भरलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंग फोटोंनी आणि व्हिडिओंनी. ते काढा, बॅटरी फुगली असेल तर बदला, सेटिंगमध्ये जाऊन कंपनीचं अपडेट बाकी आहे का बघा. कधी कधी एवढ्यावर काम होतं.

दोन. एकच फोन असेल आणि त्यातच तुमचं मोबाइल आयडी, सहेल आणि बँक असेल, तर त्याची सिस्टीम बदलू नका. आठ दिनारांत नाही, फुकटातही नाही. प्रयोग करायचाच असेल तर जुन्या, बाजूला पडलेल्या दुसऱ्या फोनवर करा. घरी बोलायला, गाणी ऐकायला, पोरांचे व्हिडिओ बघायला तो मस्त चालेल. व्हॉट्सअ‍ॅप सहसा चालतं. बँक चालेलच असं धरून चालू नका.

तीन. बदलायच्या आधी लिनिएज किंवा ई ओएसच्या यादीत तुमच्या फोनचा नेमका मॉडेल नंबर आहे का ते बघा. नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, एकाच नावाच्या फोनांत आतली चिप वेगळी असते. काही कंपन्या कुलूप उघडूच देत नाहीत. हुआवेने २०१८ मध्येच ते बंद केलं. शाओमीच्या फोनला खातं जोडून काही दिवस थांबावं लागतं. दुकानदार म्हणाला "दहा मिनिटांत करतो" तर विचारा, कसं करतोस? आणि सिस्टीमचं नाव, आवृत्ती आणि "परत मूळ सिस्टीम टाकून देईन" हे बिलावर लिहून घ्या. साईटवर आपण काँक्रीटचं चलान बघितल्याशिवाय ट्रक खाली करतो का?

चार. पुरावा आधी वाचवा. पगाराच्या स्लिप, टाइमशीट, काँट्रॅक्ट, फोरमनचे मेसेज, जखम झाली असेल तर तिचे फोटो, सगळं दुसऱ्या जागी ठेवा. गावाकडच्या विश्वासाच्या माणसाला पाठवून ठेवा. हे फोन बदलताना नाही, आज रात्रीच करा. फोन चोरीला जातो, स्लॅबवरून खाली पडतो, पाण्यात पडतो. त्याला दुकानदारच लागतो असं नाही.

पाच. मोबाइल आयडीचा पिन कुणाला देऊ नका. दुकानदाराला नाही, रूममेटला नाही, मंदूबलाही नाही. "तुला जमत नाही, आण इकडे, मी करून देतो" म्हणत कंपनीचा माणूस फोन हातात घेतो आणि आपण देतो. स्क्रीनवर मंजुरी मागितली की त्याने बटण दाबलं. कशाला मंजुरी दिली ते तुम्हाला कळलंही नाही. मदत घ्या, पण बटण स्वतःच्या बोटाने दाबा, आणि काय लिहिलंय ते वाचून घेतल्याशिवाय दाबू नका.

सहा. दुसऱ्याच्या फोनवर स्वतःची ओळख बसवू नका, आणि दुसऱ्याची आपल्या फोनवर घेऊ नका. मैत्री वेगळी, सही वेगळी.

खरा प्रश्न दुकानात सुटणार नाही

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे दोष आमचाच? आम्हीच काळजी घ्यायची? नाही. काळजी घ्यायला सांगतो कारण उद्या सकाळी ड्यूटीला जायचंय. पण प्रश्न आपल्या निष्काळजीपणाचा नाही.

माणसाला देश सोडायला, पगार घ्यायला, तक्रार करायला फोन लागणार असेल, तर फोन ही चैन राहत नाही, ती कामाची अट होते. आणि कामाची अट पुरी करायचा खर्च फक्त कामगारानेच का करायचा? हेल्मेट, सेफ्टी शूज, हार्नेस कंपनी देते, द्यावंच लागतं. मी अशीही साईट बघितली आहे जिथं हजेरी लावायचं अ‍ॅप कामगाराच्या स्वतःच्या फोनमध्ये टाकायला लावलं. ज्याचा फोन जुना, त्याची हजेरी लागली नाही, त्याचा दिवस कापला. कंपनीला हजेरीचं अ‍ॅप हवं असेल तर कंपनीने गेटवर यंत्र बसवावं, नाहीतर फोन द्यावा. सुपरवायझर म्हणून मी हे माझ्या वरच्यांना लेखी सांगितलं आहे. तुमच्यातले जे सुपरवायझर, टाइमकीपर, फोरमन आहेत त्यांनीही सांगावं. आपण मधली माणसं आहोत. आपण गप्प बसलो की खालच्याचा आवाज वर जातच नाही.

दुसरं, जिथं अ‍ॅप आहे तिथं काउंटरही हवा. ज्याचा फोन बंद पडला, चोरीला गेला, ज्याला वाचता येत नाही, त्याला ओळखपत्र दाखवून माणसासमोर उभं राहून काम करून घेता आलं पाहिजे. आपल्या दूतावासाच्या ओपन हाऊसमध्ये पगार आणि पासपोर्टच्या तक्रारी नेतो तशीच ही मागणीही न्या. कॅम्पमध्ये आठवड्यातून एकदा कुणी विश्वासाचं बसून अ‍ॅपची कामं समजावून देईल, एवढीही सोय पुष्कळ आहे. मराठी मंडळांनी गणपतीच्या मांडवात एक टेबल त्यासाठी टाकलं तर बाप्पा रागावणार नाही.

तिसरं, फोन बनवणाऱ्यांनी अपडेट जास्त वर्षं द्यावेत. २० जून २०२५ पासून युरोपात नियम झाला की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. महागडे सॅमसंग आणि पिक्सेल तर सात वर्षांचं वचन देतात. म्हणजे ते जमतं. मग शंभर दिनारांच्या आतल्या फोनला दोन वर्षांत वाऱ्यावर का सोडायचं? स्वस्त फोन घेणाऱ्याला तो सगळ्यात जास्त वर्षं वापरायचा असतो. आखाती देशांनी आणि भारताने असा नियम केला तर मामांना आठ दिनारांचा प्रश्नच पडणार नाही.

आणि चौथं, बँकांनी आणि सरकारी अ‍ॅप बनवणाऱ्यांनी गुगलच्या शिक्क्याशिवाय दुसरं काही मानायचंच नाही, हे बदलावं. एखादी स्वतंत्र सिस्टीम खरी आणि न बिघडवलेली आहे का, हे तपासायची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तपासा, आणि चांगली असेल तर आत घ्या. आज उलटं होतं. सहा वर्षं अपडेट न मिळालेला, भोकं पडलेला फोन मूळ सिस्टीमवर आहे म्हणून पास, आणि कालच अपडेट झालेली स्वतंत्र सिस्टीम नापास. याला सुरक्षा म्हणत नाहीत.

मामांचं काय झालं, ते सांगून थांबतो. फोनमधले जवळपास हजार फोटो-व्हिडिओ आम्ही कार्डवर घेतले. सेटिंगमध्ये कंपनीचं एक मोठं अपडेट दीड वर्ष पडून होतं, जागा नव्हती म्हणून उतरलंच नव्हतं. ते शुक्रवारी रात्री वायफायवर लावलं. सकाळी बँकेचं अ‍ॅप उघडलं. पुढच्या अपडेटला ते कंपनीकडून येणार नाही, हे मी त्यांना सांगितलंय. वर्षभराची मुदत मिळाली, एवढंच. आठ दिनार त्यांनी नव्या फोनसाठी डब्यात टाकलेत.

जाताना म्हणाले, "साहेब, हे सगळ्यांना सांगा बरं का." म्हणून सांगितलं. तुम्हीही तुमच्या रूममधल्या चौघांना वाचून दाखवा. आणि तुमच्या कंपनीने हजेरीचं अ‍ॅप स्वतःच्या फोनात टाकायला लावलं असेल, किंवा फोन नाही म्हणून काम अडलं असेल, तर तारीख, वेळ, कुणी काय म्हटलं हे वहीत लिहून ठेवा. वहीला अपडेट लागत नाही.